रिकाम्या नदीचे भाडे

अलास्काच्या नैर्ऋत्येला ब्रिस्टल बे हा मोठा उपसागर आहे. त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी मासेमारीची जी लॉजेस आहेत, त्यांतल्या नावाजलेल्या लॉजवरचा एक आठवडा दहा हजार डॉलरच्या घरात जातो, काही ठिकाणी त्याच्याही बराच वर. म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. शिवाय अँकरेजपर्यंतचे विमानभाडे वेगळे. एवढ्या पैशांत पाहुण्याला खोली, जेवण, पाण्यावर उतरणारे छोटे विमान आणि दिवसभर सोबत राहणारा गाइड मिळतो. मासाही मिळतो, पण तो बहुधा ताटात येत नाही. गळ सोडवायचा, फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचे.

मालवणच्या जेटीवर संध्याकाळी गरवायला बसणाऱ्याला हा व्यवहार सांगितला तर तो हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण दुर्गम प्रदेशातल्या या सहलींचा धंदा अलास्का, न्यूझीलंड, पॅटागोनिया, मंगोलिया, ॲमेझॉनचे खोरे असा जगभर पसरला आहे. आपल्याकडेही कावेरीच्या काठी त्याचा एक मोठा प्रयोग झाला आणि संपला. त्या प्रयोगात आपले लोणावळेही गुंतलेले आहे. म्हणून या साऱ्या प्रकरणाकडे एकदा नीट पाहायला हवे.

फ्लाय फिशिंगची खोच वजनात आहे. साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचे वजन किंवा जड आमिष दोरीला ओढत लांब नेते. इथे टोकाला असते पिसे, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून बनवलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे वजन दोरीत ठेवलेले असते, आणि लवचीक काठीने ती दोरी हवेत मागेपुढे खेळवून माशी हव्या त्या जागी अलगद उतरवायची असते. ट्राउट मासा पाण्यातून निघणारे आणि पाण्यावर पडणारे किडे खातो, म्हणून हे सोंग चालते. पण त्यासाठी पाणी स्वच्छ हवे, मागे दोरी फिरवायला मोकळी जागा हवी आणि मासा बुजलेला नको. शेजारी आणखी चार जण उभे असले की सारा खेळ बिघडतो. थोडक्यात, या छंदाला रिकामी नदी लागते. लॉज भाड्याने देते ती हीच रिकामी नदी. बाकी खोली, वाइन आणि शेकोटी हा वरखर्च आहे.

युरोपातल्या रिकाम्या नद्या फार पूर्वीच जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये साहेबाबरोबर नदीकाठाने चालणारा गिली हा आजच्या गाइडचा पूर्वज. १८३०च्या दशकापासून इंग्रज उमराव सामन मासे पकडायला नॉर्वेला जाऊ लागले. त्यापुढची पायरी जास्त धाडसाची होती: नदीकडे जाण्याऐवजी मासाच हव्या त्या नदीत नेणे. १८६४ मध्ये इंग्लंडहून बर्फात ठेवलेली ट्राउटची अंडी जहाजाने टास्मानियात पोचली. तिथून १८६७ मध्ये न्यूझीलंडला. काश्मीरला पाठवलेली पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी १९०० मध्ये जगली. १९०४ मध्ये अर्जेंटिनात ट्राउट आले, १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात. अर्जेंटिनातल्या टिएरा देल फ्वेगोच्या रिओ ग्रांदे नदीत समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होऊन परतणारे जे ब्राउन ट्राउट आज जगातल्या धनिकांना खेचून आणतात, ते १९३५ मध्ये चिलीतून आणलेल्या अंड्यांचे वंशज आहेत.

लॉजच्या जाहिरातींत ‘अस्पर्श’ आणि ‘आदिम’ अशा विशेषणांचा पूर असतो. ती वाचताना हा इतिहास लक्षात ठेवावा. न्यूझीलंडच्या त्या अस्पर्श नद्यांत पकडला जाणारा मासा दीडशे वर्षांपूर्वी बोटीने आलेला पाहुणा आहे, आणि त्याने तिथल्या गॅलेक्सिअस गटातल्या लहानग्या मूळ माशांना अनेक ठिकाणी हुसकावून लावले. अलास्का, रशियातला कामचात्का आणि मंगोलिया मात्र या बाबतीत खरे आहेत. तिथला मासा तिथलाच आहे.

दुर्गम भागातले आजच्या धर्तीचे लॉज विमानाने घडवले. ली वुल्फ या अमेरिकन मासेमाराने १९४७ मध्ये छोट्या पायपर विमानाला तरंगणी लावून न्यूफाउंडलंडच्या आडवळणी नद्या गाठायला सुरुवात केली. १९५० मध्ये रे पीटरसन याच्या विमान कंपनीने अलास्काच्या कटमाई भागात मासेमारीचे तळ उघडले. त्यातला ब्रुक्स कॅम्प आता धबधब्याच्या तोंडाशी सामन झेलणाऱ्या अस्वलांसाठी जास्त प्रसिद्ध आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कोला द्वीपकल्प आणि कामचात्काच्या नद्या पाश्चात्त्य पाहुण्यांना खुल्या झाल्या. पूर्वीच्या लष्करी एमआय-८ हेलिकॉप्टरांतून मासेमारांची ने-आण होऊ लागली. एका माशाला पकडून सोडून देण्यासाठी किती इंधन जळते याचा हिशेब या धंद्यात कोणी मोठ्याने करत नाही.

ब्रिस्टल बेतला दिवस कसा जातो ते थोडे सांगायला हवे, कारण तिथल्या निसर्गाचे गणित विलक्षण आहे. समुद्रात वाढलेले सॉकाय सामन उन्हाळ्यात नद्यांमध्ये अंडी घालायला परततात. २०२२ मध्ये असे सुमारे ७ कोटी ९० लाख सामन परत आले, तो विक्रम होता. अंडी घालून ते मरतात, आणि त्यांच्या अंड्यांवर व कुजणाऱ्या मांसावर नदीतले रेनबो ट्राउट पोसले जातात. त्यामुळे ऑगस्टमध्ये इथला गाइड पाहुण्याला पिसांची देखणी माशी देत नाही. अंड्याच्या रंगाचा प्लॅस्टिकचा मणी देतो. हंगाम उतरला की सशाच्या केसाळ कातड्याची फिकट गुलाबी पट्टी येते, कारण मासा तेव्हा सडके मांस खात असतो. जुन्या वळणाचे फ्लायवाले याला नाक मुरडतात. मला मात्र यात गाइडचा प्रामाणिकपणा दिसतो. नदीत जे चालले आहे तेच तो गळाला लावतो.

हा गाइड बहुधा अमेरिकेच्या दुसऱ्या राज्यातून हंगामापुरता आलेला तरुण असतो. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे याच सामनवर गुजराण केली, ते युपिक आणि देनाइना लोक लॉजच्या आवारात क्वचित दिसतात. हे अंतर कमी व्हावे म्हणून गावच्या मुलांना गाइडचे काम शिकवणारी अकादमी तिथे चालवली जाते. पण लॉज कोणाचे आणि नदी कोणाची, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली याच प्रश्नात आहे. नदीवर हक्क कोणाचा आणि राखण कोण करतो, यावर सगळे अवलंबून असते. देशोदेशी त्याची उत्तरे निराळी आहेत. न्यूझीलंडमध्ये मासेमारीचा हक्क विकण्यालाच कायद्याने बंदी आहे. लॉज खोली विकू शकते, गाइडचा वेळ विकू शकते, हेलिकॉप्टरची फेरी विकू शकते, नदी नाही. परवाना घेतलेला कोणताही शिक्षक, सुतार त्याच वळणावर उभा राहू शकतो. मला हा कायदा सर्वांत देखणा वाटतो, पण त्यालाही ताण पडतोच. दोन दिवस चालत आलेल्या स्थानिक माणसाच्या पुढ्यात हेलिकॉप्टर उतरते तेव्हा समता कागदावरच राहते. शेवटी तिथे काही नाजूक नद्यांसाठी वेगळे मर्यादित परवाने आले. आइसलंडने उलटा रस्ता धरला. नदीकाठच्या शेतकऱ्यांचे संघ नदी सांभाळतात, एका वेळी नदीवर किती काठ्या चालतील ते ठरलेले असते आणि त्या काठ्यांचे भाडे शेतकऱ्यांना मिळते. नदी राखली जाते, पण सामान्य आइसलंडकराला तिथली चांगली सामन नदी परवडत नाही. अर्जेंटिनात पाणी सार्वजनिक आहे, काठ मात्र अवाढव्य खाजगी कुरणांच्या मागे दडलेला. काठाने चालण्यासाठी सोडायची पट्टी पूर्वी कायद्याने ३५ मीटर होती. २०१५ च्या नव्या नागरी संहितेने ती १५ मीटर केली. फाटकाला कुलूप असेल तर पट्टी कितीही रुंद असून काय उपयोग! ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या मारिये या उपनदीवर आदिवासी गावांनी कंपनीशी करार करून पाहुण्यांची संख्या बांधून घेतली आहे आणि शुल्काचा वाटा गावांकडे येतो.

राखणीचे सर्वांत ठळक उदाहरण पुन्हा ब्रिस्टल बेचेच. तिथल्या नद्यांच्या उगमाशी तांबे आणि सोन्याची प्रचंड पेबल खाण प्रस्तावित होती. तिच्याविरुद्ध आदिवासी संघटना, जाळी टाकून पोट भरणारे कोळी आणि लॉजमालक एकत्र उभे राहिले. एरवी हे तिघे एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना नाकारला आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली आपला नकाराधिकार वापरला. पाहुण्यांचे डॉलर त्या लढ्यात वजनदार ठरले, हे नाकारता येत नाही. कामचात्कातही १९९४ पासून मॉस्को विद्यापीठाचे संशोधक पाश्चात्त्य मासेमारांच्या पैशांवर आणि त्यांच्याच हातांनी स्टीलहेड नावाच्या माशांची मोजमापे गोळा करत होते. युक्रेनयुद्धाने ती वाट जवळजवळ बंद केली.

आता पकडून सोडण्याकडे येऊ. हीच प्रथा या धंद्याचा नैतिक आधार मानली जाते. एकदाच पकडून संपवावा इतका मासा स्वस्त नाही, अशी मांडणी ली वुल्फने १९३९ मध्येच केली होती. पण सोडलेला मासा जगतो का? फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांचा १९९२ चा प्रयोग मासेमारांनी पाठ करण्यासारखा आहे. दमवलेले रेनबो ट्राउट पाण्याबाहेर न काढता सोडले तर सुमारे १२ टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत धरले तर ३८ टक्के. एक मिनिट धरले तर ७२ टक्के. प्रयोगशाळेतल्या माशांवर आधीच ताण होता, त्यामुळे नदीतले आकडे याहून बरेच कमी येतात. पण दिशा स्पष्ट आहे: मासा मरतो तो बहुतांशी फोटोपायी. पाणी तापलेले असले तर आणखीच. २००३ मध्ये लिन स्नेडन यांच्या गटाने ट्राउटच्या ओठांत वेदना टिपणारे चेतातंतू दाखवून दिले आणि माशाला दुखत नाही हा सोयीचा समज डळमळला. स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडण्याला मनाई केली. तिथे पकडायचा तर खायचा. आमच्या मालवणच्या माणसाची बाजू स्विस सरकारने उचलून धरली म्हणायची.

माझे मत मध्येच कुठेतरी पडते. काटा नसलेला एकच गळ, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून सोडवणे आणि दिवसाला ठरावीक माशांनंतर काठी आवरणे, एवढे जो गाइड पाहुण्याला तोंडावर सांगू शकतो, त्याच्या लॉजबद्दल मला आदर वाटतो. मंगोलियातल्या तायमेन माशाच्या नद्यांवर अशी शिस्त पाळणारे तळ आहेत. तायमेन फार सावकाश वाढतो आणि दीड मीटरचा होतो. असा म्हातारा मासा मेला की त्याची जागा भरायला दशके लागतात.

आणि आता कावेरी.

भारतात गोऱ्या साहेबाला वेड लावले ते महाशीर माशाने. मद्रास सनदी सेवेतल्या एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ चे. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडासारखी पाठ असलेला महाशीर गळाने पकडल्या जाणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी एक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा पकडला. तो विक्रम मानला जातो. स्वातंत्र्यानंतर सगळे विस्मरणात गेले. १९७७ मध्ये तीन इंग्रज तरुण मोठ्या महाशीरच्या शोधात भारतात आले, व्हॅन इंगेनांना भेटले आणि कावेरीत असे मासे अजून आहेत हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

मग कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस कंपनीचे भीमेश्वरी, गालीबोरे आणि दोड्डमकाळी हे तळ बंगळूरपासून शंभरेक किलोमीटरवर उभे राहिले. दक्षिण भारत वन्यजीव संघटनेनेही नदीचा पट्टा भाड्याने घेतला. इथे पिसांची माशी क्वचितच चाले. आमिष म्हणून नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा गोळा गळाला लावत. शुद्धतावाद्यांनी याला फ्लाय फिशिंग म्हणू नये. पण बाकी सगळे तेच होते: दुर्गम नदी, तंबू, पकडून सोडणे आणि गाइड. हे गाइड त्याच गावांतले होते. त्यांतले कित्येक पूर्वी याच डोहांत सुरुंग फोडून मासे मारत. सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्याने बंदी आहे, पण कावेरीच्या दगडी दऱ्यांत तो कायदा पोचायला पगार लागला. ज्याला कोणता डोह कधी भरतो हे ठाऊक, तोच राखणदार झाला.

या तळांवरची दुसरी नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वही. गालीबोरेला १९९८ ते २०१२ या काळात कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा, किती वजनाचा, हे लिहून ठेवले गेले. २३ हजारांहून अधिक तास आणि ६ हजारांवर मासे. एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांनी पुढे त्या वह्या तपासल्या आणि जे दिसले ते अवघड होते. राखणीमुळे महाशीरची एकूण संख्या वाढत होती. पण वाढत होता तो निळ्या पराचा महाशीर. कुबड्या मासा झपाट्याने कमी होत होता आणि त्याची पिल्ले दिसेनाशी झाली होती.

निळ्या पराचा हा मासा आपला आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले आणि खुद्री हे नाव दिले. १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण धरणाशी त्याचे प्रजनन केंद्र काढले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावण्याची पद्धत बसवली. धरणांनी माशांचे मार्ग अडवले, त्याची भरपाई करण्याचा तो मनापासूनचा प्रयत्न होता आणि भारतीय मत्स्यविज्ञानात त्याचे मोठे नाव आहे. लाखो पिल्ले तयार झाली आणि राज्याराज्यांत वाटली गेली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. महाशीर तो महाशीर, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटत होते. कावेरीतला मासा वेगळी जात आहे, तिचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी, हे सिद्ध व्हायला २०१८ उजाडले. दीडशे वर्षे ज्याच्यामागे जगभरचे मासेमार धावले, त्याची नीट ओळखही कोणी पटवली नव्हती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली.

तळ मात्र त्याआधीच बंद पडले होते. हा पट्टा कावेरी अभयारण्यात येतो आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत आमिष दाखवून पकडणे हीसुद्धा शिकार, असा अर्थ लावला गेला. २०१२ पर्यंत मासेमारी थांबली. भीमेश्वरीचा तळ आता दोरीवरून घसरण्याचे आणि होडीचे खेळ देतो. कायद्याच्या अक्षराला धरून निर्णय बरोबर होता. अभयारण्यात एकाला गळ आणि दुसऱ्याला बंदी हे न्यायाचेही नव्हते. पण गाइडांचा पगार गेला, वही बंद झाली आणि सुरुंगाचे आवाज पुन्हा येऊ लागल्याचे अभ्यासकांनी लिहिले. माझ्या मते बंदी घालताना राखणदारांना वनखात्याने नोकरीत घ्यायला हवे होते आणि माशांची गणती चालू ठेवायला हवी होती. गळ बंद करण्याइतकाच तो निर्णयाचा भाग असायला हवा होता.

अर्थात नदी राखायला लॉजच लागते असे नाही. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरचा वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यात तिळसेचा वैतरणेतला डोह पाहा. तिथले महाशीर देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणी धरत नाही. लोक त्यांना लाह्या-चुरमुरे घालतात. अशी राखण एका डोहापुरती असते, पुढच्या वळणावर देवाचा धाक संपतो. तरी बिनपैशांत इतकी वर्षे टिकलेली राखण या विषयाच्या आढाव्यात धरायलाच हवी.

ज्यांना हा अनुभव स्वतः घ्यायचा आहे त्यांनी अलास्कासाठी लाखो रुपये जमवण्याआधी आपल्याच हिमालयाकडे पाहावे. काश्मीरमध्ये लिद्दर आणि ब्रिंगीसारख्या नद्यांचे ठरावीक पट्टे मत्स्यखाते परवान्यावर देते. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. हिमाचलात तीर्थन खोऱ्यात आणि बरोटजवळ उहल नदीवर परवाना मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. दोन्हीकडे राहायची सोय साधी आहे आणि गाइड गावातलाच मिळतो. परवाना खात्याकडूनच घ्या, मध्यस्थाकडून नको. गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करा. आणि आरक्षण करण्यापूर्वी मालकाला दोन गोष्टी विचारा: गाइड कुठला आहे, आणि पकडलेल्या माशांची वही ठेवता का? दुसऱ्या प्रश्नाला तो गोंधळला तर दुसरे लॉज शोधा.